मुलांचा महिनाभर न थांबणारा खोकला : या चुका टाळा

लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होते आणि दर वेळी खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, यात काळजीचे काही नाही. मात्र मध्ये खंड न पडता खोकला चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ चालू राहिला, तर तो जुनाट समजून त्याचे कारण शोधायला हवे. बहुतेक मुलांमध्ये ते कारण नेहमीचेच निघते. दमा किंवा श्वासनलिकांत मुरलेला जंतुसंसर्ग. थोड्यांच्या बाबतीत ते वेगळे असते आणि ते सापडायला लागणारा उशीर बहुधा डॉक्टरांना सांगितलेल्या अपुऱ्या हकिकतीमुळे होतो.

एक्स-रे चांगला आला म्हणून निश्चिंत होणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दाढा पुरेशा आलेल्या नसतात आणि हाती लागेल ते तोंडात जाते. शेंगदाण्याचा तुकडा श्वासनलिकेत गेला की मूल जोरात ठसकते, क्षणभर घाबरेघुबरे होते आणि मग शांत होते. त्यानंतर काही दिवस त्रास जवळपास नसतो. खोकला पुन्हा सुरू होईपर्यंत तो ठसका घरचे विसरलेले असतात, किंवा त्या वेळी मुलाजवळ दुसरेच कोणी असते. शेंगदाण्यासारखा पदार्थ एक्स-रेमध्ये दिसत नाही. दिसलाच तर त्याचा परिणाम दिसतो, म्हणजे एका बाजूच्या फुप्फुसात अडकून राहिलेली हवा किंवा दबलेला भाग, आणि तोही प्रत्येक वेळी नाही. त्यामुळे ‘खोकला कधीपासून आहे’ याबरोबरच ‘तो हळूहळू वाढला की एकाएकी सुरू झाला’ हे घरातल्या प्रत्येकाला आणि मुलाला सांभाळणाऱ्या व्यक्तीलाही विचारावे. छातीत एकाच बाजूला सुंई-सुंई आवाज येत असेल, किंवा न्यूमोनिया दर वेळी फुप्फुसाच्या त्याच भागात होत असेल, तर एक्स-रे कसाही असला तरी दुर्बिणीतून श्वासनलिका पाहण्याबद्दल डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे. अडकलेली वस्तू महिनोन्‌महिने तशीच राहिली, तर त्यापुढील नलिका कायमची खराब होऊ शकते.

ओला आणि कोरडा खोकला एकाच मापाने मोजणे

लहान मुले कफ थुंकत नाहीत, गिळतात. म्हणून ‘कफ पडत नाही’ याचा अर्थ खोकला कोरडा आहे असा होत नाही. खोकताना छातीत खळखळ ऐकू येते का, हे पाहावे. महिनाभर टिकलेल्या ओल्या खोकल्यावर डॉक्टर बरेचदा दोन ते चार आठवड्यांचे प्रतिजैविक देतात. तिसऱ्या दिवशी मूल बरे दिसले म्हणून ते थांबवल्यास खोकला परततो आणि औषध लागू पडले नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. पूर्ण औषधानंतरही खोकला हटला नाही, किंवा पुनःपुन्हा उलटला, तर मात्र दुर्मीळ आजारांकडे वळावे लागते. वजन वाढत नसेल, शौच तेलकट व उग्र वासाचे असेल, पापा घेताना त्वचा खारट लागत असेल, तर सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारासाठी (यात शरीरातले स्राव घट्ट होतात) घामाची चाचणी करतात. जन्मल्यापासून नाक सतत वाहते, कान वारंवार फुटतात आणि दिवस पूर्ण भरूनही जन्मतःच प्राणवायू लावावा लागला होता, ही हकिकत श्वासमार्गातील सूक्ष्म केसांच्या जन्मजात दोषाकडे बोट दाखवते. अशा सुमारे निम्म्या मुलांचे हृदय उजवीकडे असते. बोटांची टोके फुगीर होणे हे तर कधीच दुर्लक्षू नये.

दूध-पाण्याचा ठसका नेहमीचाच म्हणून सोडून देणे

पातळ पदार्थ पितानाच खोकला येत असेल, तर घोट श्वासमार्गात उतरत असण्याची किंवा अन्ननलिका व श्वासनलिका यांच्यामध्ये बारीक छिद्र असण्याची शक्यता तपासतात. जन्मापासून भुंकल्यासारखा, पितळी आवाजाचा खोकला श्वासनलिका मऊ असल्यामुळे येऊ शकतो आणि त्यावर दम्याचा पंप चालत नाही. निदान नसताना पंप महिनोन्‌महिने चालू ठेवणे तसेही गैर. ठरलेल्या मुदतीनंतर तो थांबवून फरक पडला की नाही, हे डॉक्टरांसह पडताळावे.

झोपेतले निरीक्षण न करणे

दिवसभर ठणठणीत आवाजात खोकणारे मूल झोपेत अजिबात खोकत नसेल आणि तपासणीत काही आढळत नसेल, तर तो सवयीचा खोकला असू शकतो. ते नाटक नव्हे. रागावल्याने तो वाढतो. औषधांऐवजी समजावणीच्या उपचारांनी थांबतो. याउलट दम्याचा खोकला रात्री उसळतो. कानात घट्ट बसलेल्या मळामुळेही क्वचित कोरडी ढास लागते, कारण कानाच्या नळीतील एक मज्जातंतू खोकल्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेशी जोडलेला असतो.

घरात कोणाला क्षयरोग झाला होता का, कोणी धूम्रपान करते का, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी मुलाला एनालाप्रिलसारखे (ज्यानेही खोकला येऊ शकतो असे) औषध चालू आहे का, ही माहिती न विचारताही सांगावी. खोकल्याची उबळ मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून न्यावी, कारण दवाखान्यात मूल हमखास खोकत नाही. खोकल्यातून रक्त पडले, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या गेल्या किंवा ओठ निळसर झाले, तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.