पहिली नायट्रो कार घेताना आधी इंधनाचं बघा

नायट्रो कार म्हणजे छोट्या इंधन-इंजिनावर धावणारी रिमोट कंट्रोल गाडी. बजेट तोकडं असेल तर सगळे पैसे गाडीवरच घालू नका. इंधन, जादा ग्लो प्लग (इंजिनातलं इंधन पेटवणारा प्लग), तो प्लग तापवून इंजिन सुरू करणारा ग्लो इग्नायटर आणि गाडी चालवून झाल्यावर इंजिनात घालायचं आफ्टर-रन ऑइल यांच्याशिवाय ती गाडी फार दिवस चालणार नाही, म्हणून त्यांचे पैसे आधी बाजूला काढा. पंपावरचं पेट्रोल हिला चालत नाही. हिचं इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. ते ज्वलनशील असल्यामुळे प्रत्येक कुरिअरवाला नेत नाही. त्यामुळे नागपुरात ते नियमित कुठून मिळेल याची खात्री झाल्यावरच गाडीकडे वळा.

मॉडेल १/१० मापाची बग्गी किंवा ट्रक घ्या. आपल्याकडची मैदानं खडबडीत आणि धुळीची, तिथे जमिनीला टेकलेली ऑन-रोड गाडी लगेच अडकते. सुटे भाग सहज मिळतात असाच ब्रँड निवडा. ए-आर्म, म्हणजे चाक धरून ठेवणारा सस्पेन्शनचा दांडा, तुटणारच आहे.

जुनी गाडी परवडते, पण इंजिन पारखून घ्या. थंड इंजिनाचा ग्लो प्लग काढून फ्लायव्हील (इंजिनाचं फिरतं जड चाक) हाताने फिरवा. पिस्टन वर येताना घट्ट अडकल्यासारखा लागला, तर जीव शिल्लक आहे. सैल फिरला तर कितीही स्वस्त असली तरी सोडा. एअर फिल्टरचा फोमही काढून बघाच, कारण आत गेलेली धूळ इंजिन खाऊन टाकते.

मे महिन्यात पहाटे केलेलं ट्यूनिंग, म्हणजे इंधन-हवेच्या मिश्रणाची जुळवणी, दुपारच्या उन्हात चालत नाही. नवख्याने मिश्रण थोडं रिच (इंधन जरा जास्त) ठेवावं, सायलेन्सरमधून धुराची रेघ दिसत राहिली पाहिजे.