फुलांची आणि सुगंधी पानांची घरची बाग : खुडणी केव्हा, कुठे आणि किती करावी

घरच्या बागेत तुळस, पुदिना, गवती चहा यांच्या शेजारी झेंडू, मोगरा, गुलाब लावणारे बहुतेक जण पाणी आणि खत यांची काळजी मनापासून घेतात. कात्री हातात घ्यायला मात्र कचरतात. आपण वाढवलेल्या रोपाचा हिरवागार शेंडा खुडणे म्हणजे त्याला इजा करणे, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात वेळेवर केलेली खुडणी या दोन्ही प्रकारच्या झाडांना मानवते आणि बागेचा खरा उपभोगही तिच्यातूनच मिळतो. फक्त एक फरक ध्यानात ठेवावा लागतो : पानांसाठी लावलेल्या झाडाला शक्यतो फुलावर येऊ द्यायचे नसते आणि फुलांसाठी लावलेल्या झाडाला बी धरू द्यायचे नसते.

खुडल्याने झाड दाट का होते, हे समजले की हात आपोआप धीट होतो. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन नावाचे संप्रेरक खोडातून खाली उतरते आणि पानांच्या बेचक्यातील डोळ्यांची वाढ रोखून धरते. शेंडा काढला की हा अडसर दूर होतो आणि खालचे डोळे फुटू लागतात. तुळशीवर हे फार स्पष्ट दिसते, कारण तिची पाने समोरासमोर जोडीने येतात. रोप वीतभर उंच झाले की वरची दोन पेरे सोडून तिसऱ्या जोडीच्या किंचित वर काप घ्यावा. त्या जोडीच्या बेचक्यात निरखून पाहिल्यास मोहरीएवढे दोन कोंब आधीच बसलेले दिसतात. पुढे त्यांच्याच दोन फांद्या होतात आणि त्या वाढल्यावर त्याच रीतीने खुडल्या की चार. कोंब नसलेल्या जागी, म्हणजे दोन पेरांच्या मधोमध, कापले तर वर राहिलेला दांडा नुसता वाळून जातो. एका वेळी झाडाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये, कारण नव्या फुटव्याला लागणारे अन्न उरलेल्या पानांनीच तयार करायचे असते.

मंजिरी दिसू लागताच ती खुडावी. फुलोरा आल्यावर नवी पाने लहान येतात आणि खोड लाकडासारखे कडक होत जाते. तरीही बागेत तुळशीची दोन-तीन रोपे असतील तर त्यांतील एक मनसोक्त फुलू द्यावे, असे मी आवर्जून सुचवेन. मधमाश्या त्यावर दिवसभर येत राहतात आणि तो आनंद पानांपेक्षा कमी मोलाचा नाही.

पुदिन्याला इतकी नजाकत लागत नाही. तो जमिनीलगतच्या धावत्या खोडांनी पसरतो आणि शेजारच्या रोपांना दाबून टाकतो, म्हणून त्याला स्वतंत्र, पसरट कुंडी द्यावी. तो उंच व विरळ झाला की जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर ठेवून सगळा कापावा. कापलेल्यातील निरोगी काड्या पाण्यात ठेवल्या तर त्यांना सहज मुळे फुटतात. गवती चहाची बाहेरची पाने आधी घ्यावीत आणि बेट फार दाटले की ते मुळांसकट विभागून पुन्हा लावावे. कोथिंबिरीचे गणित मात्र वेगळे आहे. उष्णता वाढली की ती दांडा वर काढून फुलावर येते आणि मग शेंडा खुडूनही उपयोग होत नाही. म्हणून धणे हलके रगडून त्यांच्या दोन फाकी कराव्यात आणि दर दोन-तीन आठवड्यांनी थोडे-थोडे थेट कुंडीतच पेरावेत. तिचे सोटमूळ हलवलेले तिला सोसत नाही. फुलावर आलेली एखादी कोथिंबीर उपटण्याची घाई करू नये. तिच्या पांढऱ्या छत्र्यांवर बारीक पट्टेरी माश्या येतात आणि त्यांतील अनेक जातींच्या अळ्या मावा खाऊन फस्त करतात.

फुलझाडांकडे वळताना उद्देश उलटा होतो. झेंडूचे फूल सुकले की अनेक जण वरच्या पाकळ्या ओढून काढतात आणि खालचे हिरवे, फुगीर बोंड तसेच ठेवतात. बी तयार होते ते नेमके या बोंडात, आणि झाडाची शक्ती तिकडे वळली की नव्या कळ्या कमी येतात. म्हणून देठ खालच्या पानांपर्यंत कापून काढावा. गुलाबाचे फूल उतरल्यावर बाहेरच्या दिशेला तोंड असलेला जोमदार डोळा शोधावा आणि त्याच्या साधारण अर्धा सेंटिमीटर वर तिरपा काप द्यावा. नवी फांदी बाहेर वाढते आणि झाडाच्या मध्यात हवा खेळती राहते. मोगरा आणि जास्वंद नव्या फुटीवर फुलतात, त्यामुळे बहर ओसरल्यावर त्यांची छाटणी करण्यास बिचकू नये.

शेवंतीच्या बाबतीत कात्रीइतकाच अंधार महत्त्वाचा आहे. रात्र मोठी होऊ लागली की तिला कळ्या धरतात. रात्रभर दिव्याचा प्रकाश पडणाऱ्या जागी ठेवलेली शेवंती हिरवीगार वाढते, पण फुलत नाही किंवा फार उशिरा फुलते. अशा वेळी खत वाढवण्याऐवजी कुंडीची जागा बदलावी.

जागेचे म्हणाल तर यांतील बहुतेक झाडांना रोज सहा तास ऊन हवे. पुदिन्याला थोडी सावली चालते. मांडणी रंगसंगतीपेक्षा पाण्याच्या गरजेनुसार करावी : पुदिना व गवती चहा ओलाव्याच्या बाजूला, तर कोरफड व रोझमेरी कोरड्या बाजूला. बोट दोन सेंटिमीटर मातीत घालून ओल तपासल्याशिवाय पाणी घालू नये. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट हे मिश्रण बहुतेकांना चालते. कोरफडीसाठी त्यात भरपूर जाड वाळू मिसळावी. नत्रयुक्त खताचा हात आखडता ठेवावा. नत्र जास्त झाले की फुलझाडाला पाने उदंड येतात आणि कळ्या कमी, तर सुगंधी झाडांची पाने मोठी होतात पण वासाला फिकी पडतात.

खाण्याची आणि शोभेची झाडे शेजारी असताना दोन बाबतींत कडक राहावे. फुलांवर रासायनिक कीटकनाशक मारले तर त्याचे तुषार पुदिन्यावरही पडतात, म्हणून मावा दिसल्यास आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढावा. दुसरे म्हणजे, सदाफुली आणि कण्हेर बागेची शोभा वाढवतात, पण दोन्ही विषारी आहेत. सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन व व्हिन्ब्लास्टीन ही कर्करोगावरील औषधे मिळतात, याचा अर्थ तिची पाने घरी चघळावीत असा मुळीच नाही. कोरफडीचे पान कापल्यावर सालीलगत येणारा पिवळा, कडू चीकही पूर्णपणे निथळू द्यावा. तो तीव्र रेचक आहे.

पाने साठवायची असतील तर ती सकाळी, दव सुकल्यावर आणि ऊन तापण्यापूर्वी तोडावीत. त्यांचा सुगंध पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींतील तेलात असतो आणि उन्हात वाळवल्यास ते तेल उडून जाते. म्हणून पाने सावलीत, हवेशीर जागी, एकावर एक न येतील अशी पसरावीत. बोटांत धरताच चुरा होऊ लागली की ती अखंडच बरणीत भरावीत आणि वापरण्याच्या वेळी चुरावीत. दोन दिवसांनी बरणी एकदा तपासावी. आतल्या बाजूला दमटपणा दिसला तर पाने पुन्हा पसरून वाळवावीत.