शाळेची मागणी शासनदरबारी कशी मांडावी

तालुक्याच्या मुख्याध्यापक सभेत दर वर्षी एक निवेदन तयार होते. त्यात पंधरा-वीस मागण्या असतात: आधी रिक्त पदे, मग गळके छत, मध्येच जुनी पेन्शन आणि शेवटी ऑनलाइन माहिती भरण्याचा ताप. अशा निवेदनांवर मी सह्या केल्या आहेत, दोन-तीन स्वतः लिहिलीही आहेत. ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा पडून ती ज्या फाईलमध्ये गेली, तेथून पुढे हललेली मात्र पाहिली नाहीत. दोष कार्यालयाचा होताच, पण निम्मा आमचाही होता. कारण वाचणाऱ्या अधिकाऱ्याने नेमके काय करावे, हे त्या कागदावर कोठेच लिहिलेले नव्हते. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतील, विशेषतः जिल्हा परिषदेच्या शाळांच्या मुख्याध्यापकांसाठी पुढील पद्धत लिहिली आहे. अनुदानित शाळांनाही तिचा बराचसा भाग लागू पडेल.

सर्वप्रथम प्रत्येक मागणीपुढे एकच प्रश्न लिहावा: हा निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा? नळ, स्वच्छतागृह, हात धुण्याची जागा ही कामे ग्रामपंचायतीच्या पातळीवर होऊ शकतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात तर ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बंधित होती. वर्गखोल्यांचा विषय जिल्हा परिषद आणि जिल्हा नियोजन समितीकडे जातो. शिक्षकांची पदे, संचमान्यतेचे (पटानुसार शिक्षकांची पदे मंजूर करण्याचे) निकष, वेतनेतर (पगाराखेरीजच्या खर्चाचे) अनुदान हे मंत्रालयाचे विषय आहेत, आणि समग्र शिक्षा या शालेय योजनेचे दर केंद्राच्या आराखड्यात ठरतात, ज्यात केंद्र व राज्याचा वाटा ६०:४० असा आहे. ही विभागणी केली की पंधरा-सोळांपैकी बारा मागण्या गावातच किंवा जिल्ह्यात सुटण्यासारख्या निघतात, आणि मुंबईपर्यंत न्यायच्या मागण्या तीन-चारच उरतात.

जिल्हा नियोजनाच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. जिल्हा वार्षिक योजनेत सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि आदिवासी असे वेगवेगळे भाग असतात. चोपडा, यावल, शिरपूर, साक्री या तालुक्यांत शेजारची दोन गावे दोन वेगळ्या भागांत बसू शकतात, त्यामुळे आपले गाव अनुसूचित क्षेत्रात आहे की नाही हे आधी पाहून घ्यावे. चुकीच्या भागात टाकलेला प्रस्ताव एखाद्या वर्षासाठी सहज मागे पडतो. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा, लागू असलेल्या ग्रामपंचायतींना आदिवासी योजनेच्या निधीतील ५ टक्के थेट मिळतात व त्यांच्या विनियोगात ग्रामसभेचा शब्द चालतो. म्हणून अक्कलकुवा-धडगावकडील मुख्याध्यापकांनी ग्रामसभेची तारीख कधीही चुकवू नये.

आता आकड्यांकडे वळू, कारण राज्याच्या धोरणात शाळा म्हणजे शेवटी यू-डायस या शाळांच्या माहितीच्या शासकीय नोंदसंचातील एक ओळ असते. ३० सप्टेंबर ही तिची संदर्भ तारीख. त्या दिवशीचा पट, खोल्या, स्वच्छतागृहे, वीजजोडणी जशी नोंदवली जाईल, तशी शाळा वर्षभर कागदावर राहते. मोडकळीस आलेली खोली आपण ‘सुस्थितीत’ म्हणून भरली आणि पुढे नवी खोली मागितली, तर आपलीच नोंद आपल्याविरुद्ध साक्ष देते. धोकादायक खोलीचे निर्लेखन (ती वापरातून काढल्याची अधिकृत नोंद) झाल्याशिवाय नव्या खोलीचा प्रस्ताव अडकून पडतो. म्हणून बांधकाम विभागाच्या अभियंत्याचा अहवाल आणि निर्लेखनाचा प्रस्ताव ही पहिली पायरी समजावी, अंदाजपत्रक ही दुसरी.

पटाचे उदाहरण जरा जवळून पाहू. समजा, पहिली ते पाचवीच्या शाळेत ६४ मुले आहेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीप्रमाणे ६० पर्यंत दोन आणि ६१ ते ९० पर्यंत तीन शिक्षक हवेत. या ६४ पैकी पाच मुलांचे आधार प्रमाणित झालेले नाही. एकाच्या नावात चूक आहे, दोघांच्या जन्माची नोंदच नाही, आणि दोघे आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेल्यामुळे त्यांचे काम राहून गेले. संचमान्यतेच्या हिशेबात फक्त आधार प्रमाणित मुले मोजून ५९ धरली गेली, तर कायद्याच्याच निकषाने तिसऱ्या शिक्षकाचा हक्क जातो. वर्गात बसणारी मुले मात्र तितकीच राहतात. ‘शिक्षक द्या’ अशी नुसती मागणी करण्यापेक्षा या पाच मुलांची यादी कारणासह जोडून ‘प्रत्यक्ष उपस्थितीच्या पडताळणीवर पट ग्राह्य धरावा’ असे लिहिले, तर ती धोरणाची मागणी होते आणि तिला उत्तर देणे भाग पडते. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाला शिक्षक संघटनांनी विरोध केला, त्याच्या मुळाशीही लहान पटाच्या शाळांची हीच चिंता होती.

प्राधान्यक्रमात शिक्षकांची पदे पहिली ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. रंगरंगोटी लोकवर्गणीतून होते. गणित शिकवणारा माणूस लोकवर्गणीतून आणता येत नाही. याच मागणीला अशैक्षणिक कामांचा मुद्दा जोडावा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत; जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढेच अपवाद आहेत. वर्षभरात कोणत्या आदेशाने कोणता शिक्षक किती दिवस वर्गाबाहेर होता, याची एक वही ठेवली की त्या कलमाला आपल्या शाळेचा आकडा मिळतो.

दुसरे स्थान मी शाळा चालवण्याच्या पैशाला देईन. समग्र शिक्षेच्या संयुक्त शाळा अनुदानात ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये हा दर ठरला. त्यातील किमान १० टक्के स्वच्छतेसाठी, म्हणजे २,५०० रुपये बाजूला ठेवावे लागतात. उरलेल्या २२,५०० रुपयांचे महिन्याला १,८७५ होतात. त्यातच वीजबिल, खडू, झाडू, झेरॉक्स, इंटरनेट आणि पंख्याची दुरुस्ती भागवायची असते. वर ही रक्कम फेब्रुवारी-मार्चमध्ये खात्यावर दिसली, तर पंधरा दिवसांत खर्च दाखवण्याची धावपळ होते, नाही तर निधी परत जातो. म्हणून येथे दोन मागण्या वेगवेगळ्या लिहाव्यात: दर वाढवावा, आणि निम्मी रक्कम शाळा सुरू होताना द्यावी. दुसरीला नवा पैसा लागत नाही, म्हणून ती मान्य होण्याची शक्यता अधिक. जाता जाता वीजबिलावरचा दराचा वर्ग जरूर वाचावा. शासकीय शाळा ‘सार्वजनिक सेवा’ या वर्गात मोडते, आणि बिल ‘वाणिज्यिक’ दराने येत असेल तर साध्या अर्जाने सुटणारी ती बाब आहे.

खानदेशाचा म्हणून जो वेगळा प्रश्न आहे तो स्थलांतराचा आणि भाषेचा. दिवाळीनंतर सातपुड्यातील कुटुंबे ऊसतोड आणि वीटभट्ट्यांकडे निघतात, सपाटीवरच्या गावांत कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा होतो. मागे राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव डिसेंबरात पाठवून उपयोग नसतो, कारण तोवर बैलगाडी आणि टेम्पो निघून गेलेले असतात. पालकांची यादी गणपतीच्या सुमारासच करून प्रस्ताव द्यावा. पहिलीत येणारे मूल घरी भिली, पावरी किंवा अहिराणी बोलते, आणि पुस्तक प्रमाण मराठीत असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्यतो मातृभाषा असावे असे म्हटले आहे, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तेच सांगते. त्याचा आधार घेऊन स्थानिक बोली जाणणाऱ्या शिक्षकाची किंवा द्विभाषिक साहित्याची मागणी करता येते.

निवेदन एका पानाचे आणि एकाच विषयाचे असावे. पहिल्या वाक्यात मागणी, नंतर वस्तुस्थितीचे दोन आकडे, मग कायद्याचा किंवा शासन निर्णयाचा आधार, अपेक्षित खर्च आणि शेवटी निर्णय घेणाऱ्याचे पदनाम. उदाहरणार्थ: ‘शाळेतील ६४ विद्यार्थ्यांपैकी ५ विद्यार्थ्यांचे आधार सोबतच्या यादीतील कारणांमुळे प्रमाणित झालेले नाही. केंद्रप्रमुखांनी प्रत्यक्ष पडताळणी करून त्यांचा पट संचमान्यतेत ग्राह्य धरावा, अशी शिफारस शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांनी शासनास करावी, ही विनंती.’ सोबत शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडावा. या समितीत ७५ टक्के पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तिनेच करायचा असतो, त्यामुळे तिच्या ठरावाला मुख्याध्यापकाच्या एकट्या सहीपेक्षा अधिक वजन असते. पेन्शन, वेतनश्रेणी, बदली हे विषय त्याच कागदावर घेऊ नयेत. ते न्याय्य असले तरी त्यांच्यामुळे मुलांची मागणी कर्मचाऱ्यांची मागणी ठरते.

जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत, तेव्हा पत्रव्यवहार केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी या क्रमानेच करावा. आमदारांकडे जाण्याचे काम सरपंच आणि समितीच्या पालकांनी करावे. आपण त्यांच्या हातात आकडे द्यावेत. वेळही पाहावी. मार्चमध्ये मांडल्या जाणाऱ्या अर्थसंकल्पाची जुळवाजुळव त्याआधी कित्येक महिने चालू असते, म्हणून राज्यस्तरीय मागणी दिवाळीपूर्वी वर गेलेली बरी. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारला जावा असे वाटत असेल, तर माहिती कित्येक आठवडे आधी पोहोचली पाहिजे. नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघात आपले तिन्ही जिल्हे येतात. त्याचे मतदार माध्यमिक व त्यावरील संस्थांतील शिक्षक असल्यामुळे प्राथमिक शाळांनी शेजारच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना बरोबर घेणे व्यवहाराचे ठरते.

निवेदन दिल्यावर दुय्यम प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यावा. तीन आठवड्यांनी त्याच क्रमांकाने संबंधित टेबलावर विचारणा करावी आणि मिळालेले उत्तर पुढच्या पत्रात संदर्भ म्हणून लिहावे. वर्गखोलीसारख्या मागणीला तीन-चार वर्षे सहज लागतात, आणि तोवर बहुधा आपली बदली झालेली असते. तेव्हा चार्ज देताना या पत्रव्यवहाराची फाईल चार्ज यादीत स्वतंत्र क्रमांकाने लिहून नव्या मुख्याध्यापकाच्या हाती द्यावी.