विमानाचं ‘फर्स्ट क्लास’ काढताय? या चुका टाळा

आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा आम्ही भावंडांनी ठरवलं: पुणे–दिल्ली–गुवाहाटी, कामाख्येचं दर्शन, आणि जायचं ते फर्स्ट क्लासने. तिकिटं मी काढली, त्यामुळे पुढच्या बहुतेक चुका माझ्याच.

पहिली चूक शब्दातली. आपल्याकडे मिसळसुद्धा ‘फर्स्ट क्लास’ असते, पण देशातल्या विमानांत त्या नावाचा वर्ग जवळपास मिळतच नाही. मिळतो तो बिझनेस, आणि तोही सगळ्या विमानांत नाही. एअर इंडियाच्या तीन वर्गांच्या ए-३२० निओमध्ये बिझनेसच्या जेमतेम ८ सीट असतात. रुंद असतात, पाय पसरता येतात, पाठ मागे जाते, पण पलंग होत नाही. जाहिरातीत पांघरूण घेऊन झोपलेला माणूस दिसतो तो बहुधा परदेशी जाणाऱ्या मोठ्या विमानातला. म्हणून पैसे भरण्याआधी विमानाचा प्रकार बघा. पुणे–दिल्ली दोनेक तासांचं अंतर, त्यात झोपणार तरी किती?

किंमत बघताना कर विसरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेसवर १८ टक्के जीएसटी आहे (आधी १२ होता), इकॉनॉमीवर ५.

मला सगळ्यात महागात पडली ती पुढची चूक. विमान बदलून जायच्या प्रवासात वर मोठ्या अक्षरांत ‘बिझनेस’ लिहिलेलं असतं, आणि खाली एखादा टप्पा गुपचूप इकॉनॉमीचा असतो. आमचा दिल्ली–गुवाहाटी तसाच निघाला. प्रत्येक टप्प्यापुढचा वर्ग वेगळा उघडून वाचा. (आईला विचारलं, कुठलं विमान आवडलं? म्हणाली, “दुसरं. शेजारची बाई बोलत तरी होती.”)

सामानाचं बघू. हातातली बॅग इकॉनॉमीत ७ किलो, बिझनेसमध्ये १०, आणि दोन्हीकडे एकच. चेक-इनची मर्यादा तिकिटाच्या प्रकारावर ठरते, ती तिकिटावरच वाचा. आयत्या वेळी पैसे भरून अपग्रेड घेतलंत तर सामानाचीही मर्यादा वाढली असं धरून चालू नका, काउंटरवर विचारा.

पण वजनापेक्षा आत काय आहे ते महत्त्वाचं. नारळ जड होईल म्हणून आईने देवीच्या ओटीसाठी खणात गुंडाळून सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या मोठ्या बॅगेत तळाशी ठेवल्या होत्या. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर आमचं नाव पुकारलं. आईने स्वतः बॅग उघडली, वाट्या एकेक करून टेबलावर ठेवल्या आणि खणाची घडी पुन्हा घातली. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते पेट घेतं, म्हणून चेक-इन बॅगेत त्याला बंदी आहे. तिकीट बिझनेसचं असलं तरी हा नियम सुटत नाही. “तिथे मिळेल गं नारळ,” बाबा म्हणाले. मिळाला. पॉवर बँकचं उलट: ती चेक-इनमध्ये नाही, हातातल्या बॅगेतच.

पेयांबद्दल काका हळूच विचारतातच, तर सांगून ठेवते: देशांतर्गत विमानात मद्य मिळत नाही, पुढच्या रांगेतही नाही.

खिडकीची सीट मिळाली म्हणून लोहगावच्या धावपट्टीचे फोटो काढू नका. तो हवाई दलाचा तळ आहे, तिथे फोटोंना मनाई आहे. आणि ‘आपल्याला काय, वेगळी रांग आहे’ म्हणून कोथरूडहून उशिरा निघू नका. ती रांग विमानतळाच्या वाटेवरच्या ५०९ चौकात नसते, आणि काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी सगळ्यांसाठीच बंद होतं.

आता खरी अडचण. ऐनवेळी विमान बदलतं आणि तुम्हाला मागे बसवतात. अशा वेळी बहुतेक जण थोडं बडबडतात आणि बसतात. तसं करू नका. फेब्रुवारी २०२३ पासून डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाचा, नियम आहे: प्रवाशाच्या मर्जीविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं तर देशांतर्गत प्रवासात त्या तिकिटाच्या, करासह, ७५ टक्के रक्कम परत द्यावी लागते. पुढच्या वेळचं कूपन पुढे केलं तर लगेच हो म्हणू नका. वर्ग का बदलला ते काउंटरवरच लेखी मागा, जुना आणि नवा दोन्ही बोर्डिंग पास जपून ठेवा, मूळ तिकिटाचा स्क्रीनशॉट काढा. घरी पोचल्यावर कंपनीकडे ईमेलने मागणी करा, फोनवर नको. दाद मिळाली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तीच कागदपत्रं जोडून तक्रार टाका.