मोंढ्याच्या हिशेबासाठी रिस्क-फाइव्हवर छोटा जेआयटी कसा लिहावा

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनच्या पावत्या काढणारं सॉफ्टवेअर डोळ्यासमोर आणा. हिशेबाचं सूत्र दुकानागणिक बदलतं. कुठे हमाली सरसकट कापतात, कुठे कट्ट्यामागे. त्यामुळे सूत्र प्रोग्रॅममध्ये कायमचं बसवता येत नाही. ते वापरणाऱ्याने टाइप करायचं आणि प्रोग्रॅमने दर पावतीला उलगडून सोडवायचं. हे काम इंटरप्रिटर करतो. जेआयटी, म्हणजे ‘जस्ट-इन-टाइम’ कंपायलर, तेच सूत्र एकदाच वाचतो, त्याचा मशीन कोड (प्रोसेसरला थेट कळणाऱ्या सूचना, म्हणजे इन्स्ट्रक्शन) मेमरीत तयार करतो आणि पुढे थेट तो कोड चालवतो. खरं सांगायचं तर एका दुकानाच्या पावत्यांना इंटरप्रिटर पुरून उरतो. पण जेआयटी शिकायला याहून सुटसुटीत उदाहरण सापडणार नाही.

प्रोसेसर रिस्क-फाइव्ह (RISC-V) घेऊ. या आर्किटेक्चरचं, म्हणजे प्रोसेसरच्या आराखड्याचं, काम २०१० मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात सुरू झालं आणि त्याचं स्पेसिफिकेशन कुणालाही फुकट वाचता येतं. आपल्याकडचे आयआयटी मद्रासचे शक्ती आणि सी-डॅकचे वेगा हे प्रोसेसरही यावरच आहेत. बोर्ड विकत घ्यायची घाई नको. लिनक्स असलेला कोणताही लॅपटॉप, रिस्क-फाइव्हसाठीचा जीसीसी क्रॉस-कंपायलर (लॅपटॉपवर बसून दुसऱ्या प्रोसेसरचा कोड बनवणारा) आणि क्यूईमू (QEMU) या नकली प्रोसेसरचा यूजर मोड एवढ्यावर भागतं. प्रोग्रॅम स्टॅटिक लिंक करा, म्हणजे लागणाऱ्या लायब्ऱ्या त्यातच भरा, मग त्या शोधत बसावं लागत नाही.

आधी इंटरप्रिटरच लिहा

हा टप्पा गाळू नका. जेआयटीचं उत्तर बरोबर आहे की नाही हे पुढे इंटरप्रिटरच सांगणार आहे.

अपूर्णांक टाळायची एक सोय हिशेबातच आहे. वजन किलोत आणि भाव क्विंटलला रुपयांत घेतला, तर दोहोंचा गुणाकार थेट पैशांत येतो. ७२५ किलो, भाव ४६०० : गुणाकार ३३,३५,००० पैसे, म्हणजे ३३,३५० रुपये. हमालीचे सरसकट ३० रुपये, म्हणजे ३००० पैसे वजा केले की ३३,३२,००० पैसे उरतात. सगळं काम ६४ बिटांच्या पूर्णांकात होतं.

इन्स्ट्रक्शनचे बिट जुळवा

फंक्शनला येणारी पहिली दोन मूल्यं, इथे वजन आणि भाव, ए-शून्य आणि ए-एक या रजिस्टरांत (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या खणांत) असतात. त्यांचे खरे क्रमांक १० आणि ११. उत्तर ए-शून्यातच परत द्यायचं. या दोघांचा गुणाकार करून ए-शून्यात ठेवणारी इन्स्ट्रक्शन बिटांत अशी दिसते :

००००००१ ०१०११ ०१०१० ००० ०१०१० ०११००११

डावीकडून वाचा : गुणाकाराची खूण, दुसरं रजिस्टर ११, पहिलं रजिस्टर १०, आणखी एक खूण, उत्तराचं रजिस्टर १०, शेवटी ऑपकोड, म्हणजे इन्स्ट्रक्शनचा प्रकार सांगणारे बिट. सी भाषेत शिफ्ट आणि ऑर वापरून हे ३२ बिट जुळवणारं छोटं फंक्शन लिहा. प्रत्येक प्रकारच्या इन्स्ट्रक्शनला एक फंक्शन पुरतं. तयार झालेली संख्या बफरमध्ये (कोडसाठी राखलेल्या मेमरीत) टाकताना सर्वांत खालचा बाइट आधी जातो.

स्थिरांकाचा सापळा

हमालीचे ३००० पैसे रजिस्टरात कसे भरायचे? बेरजेच्या इन्स्ट्रक्शनमध्ये स्थिरांकाला १२ बिटच मिळतात, म्हणजे −२०४८ ते २०४७. ३००० त्यात मावत नाही. मग दोन इन्स्ट्रक्शन लागतात. पहिली ४०९६ च्या पटीतला भाग भरते, दुसरी उरलेलं मिळवते. मात्र ही उरलेली संख्या चिन्हासह वाचली जाते, म्हणून वरचा भाग काढताना आधी २०४८ मिळवायचे आणि मगच ४०९६ ने भागायचं. ३००० साठी वरचा भाग १ येतो आणि खाली −१०९६ मिळवावे लागतात. दुसऱ्या पायरीला बेरजेचा ३२ बिटांचा प्रकार वापरा, नाहीतर २१४७४८३६४७ च्या आसपासच्या संख्या चुकतात.

आता गुणाकार, स्थिरांकाच्या दोन, वजाबाकी आणि परतीची एक : पाच इन्स्ट्रक्शन, २० बाइट. सूत्र तयार.

मेमरी आणि कॅश

एमॅप (mmap) या सिस्टिम कॉलने लिनक्सकडे मेमरीचं एक पान मागा आणि ते वाचण्या-लिहिण्यापुरतंच उघडा. बाइट लिहून झाले की एमप्रोटेक्ट (mprotect) या कॉलने लिहिण्याची परवानगी काढा आणि चालवण्याची द्या. दोन्ही परवानग्या एकदम ठेवणं सुरक्षेच्या दृष्टीने वाईट सवय आहे.

यानंतरची पायरी नवखे हमखास विसरतात. कॅश म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी. तुम्ही लिहिलेले बाइट डेटा कॅशमधून जातात, तर प्रोसेसर इन्स्ट्रक्शन उचलतो दुसऱ्या कॅशमधून. इंटेलच्या लॅपटॉपवर या दोघांचा मेळ हार्डवेअरच घालतं. रिस्क-फाइव्हवर ते काम तुमचं. त्यासाठी फेन्स-आय (fence.i) ही इन्स्ट्रक्शन आहे, पण तिचा परिणाम ती जिथे चालली त्याच कोअरपुरता होतो. कर्नलने तुमचा थ्रेड दुसऱ्या कोअरवर हलवला तर तिथे जुनाच कोड चालू शकतो. म्हणून जीसीसीचं क्लिअर-कॅश (__builtin___clear_cache) हे बिल्टइन, म्हणजे कंपायलरमध्येच असलेलं फंक्शन, वापरा. लिनक्सवर ते सगळ्या कोअरची काळजी घेतं. गंमत म्हणजे ही पायरी गाळली तरी क्यूईमूवर प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो, कारण कोड बदलल्याचं क्यूईमूला स्वतःलाच कळतं. बोर्डावर मात्र तोच प्रोग्रॅम दहादा चालून अकराव्यांदा कोसळू शकतो, आणि असा बग शोधता शोधता नाकी नऊ येतात.

ताडून पाहा

बफर फाइलमध्ये उतरवा आणि ऑब्जडम्प (objdump) या साधनाने बाइटांवरून इन्स्ट्रक्शन उलट वाचा. हव्या त्याच इन्स्ट्रक्शन दिसल्या पाहिजेत. मग यादृच्छिक वजनं आणि भाव देऊन इंटरप्रिटर व जेआयटी दोघांची उत्तरं जुळवा. स्थिरांक मात्र मुद्दाम काठावरचे निवडा : ०, −१, २०४७, २०४८, −२०४८, −२०४९.

अटी आल्या की

‘वजन ५०० किलोच्या वर असेल तर’ असं काही सूत्रात आलं की जंप, म्हणजे कोडमध्ये दुसरीकडे उडी मारणाऱ्या इन्स्ट्रक्शन, लागतात. पुढे किती उडी मारायची हे लिहितेवेळी माहीत नसतं, म्हणून जागा रिकामी सोडून अंतर कळल्यावर ती भरा. अटीच्या जंपची पोच मागेपुढे ४ केबी, बिनशर्त जंपची १ एमबी. अंतर त्याहून लांब गेलं तर अट उलटी करा आणि तिच्या मागे बिनशर्त जंप टाका. जंपच्या अंतराचे बिट इन्स्ट्रक्शनमध्ये सलग नसतात, विखुरलेले असतात. तेव्हा इथे स्पेसिफिकेशनचा तक्ता समोर ठेवूनच टाइप करा. आणि तुमच्या कोडमधून सीचं एखादं फंक्शन बोलवायचं असेल, तर परतीचा पत्ता स्टॅकवर (फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीत) आधी जपून ठेवा आणि स्टॅकचं टोक दाखवणारा स्टॅक पॉइंटर १६ च्या पटीत ठेवा.