बेडरूममध्ये टीव्हीऐवजी मॉनिटर लावताय? या चुका टाळा

वर्क फ्रॉम होमसाठी घेतलेला २४ इंची मॉनिटर पडून आहे, बेडरूममध्ये टीव्ही नाही, मग त्यालाच फायर टीव्हीसारखी, इंटरनेटवरून सिनेमे दाखवणारी एक स्टिक लावली की झालं, हा विचार आता बऱ्याच घरांत होतो. विचार चुकीचा नाही. पीजीच्या खोलीत किंवा वन आरकेमध्ये, जिथे दिवसा काम आणि रात्री सिनेमा एकाच पडद्यावर उरकायचा असतो, तिथे तर तोच शहाणपणाचा. फक्त मॉनिटर बनवलेला असतो तो खुर्चीत सरळ बसलेल्या, दोन-अडीच फुटांवरच्या एका माणसासाठी. बेडरूममध्ये आपण सात-आठ फुटांवर असतो, आडवे असतो आणि बहुधा एकटे नसतो. पुढच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी या फरकातूनच निघतात.

अंतर न मोजता आकार ठरवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण बाकीच्या गोष्टी सेटिंग बदलून सुटतात, ही सुटत नाही. २४ इंची पडद्याची रुंदी साधारण ५३ सेंटीमीटर. सिनेमा बघताना पडद्याने नजरेचा निदान ३० अंशांचा भाग व्यापावा, असा एक जुना ठोकताळा आहे. त्याचा सोपा हिशोब म्हणजे कर्णाच्या साधारण १.६ पट अंतर. म्हणजे २४ इंचांसाठी सव्वातीन फूट, २७ साठी साडेतीन-पावणेचार, ३२ साठी सव्वाचार आणि ४३ साठी पावणेसहा फूट.

आता १० बाय १० ची खोली घ्या. पलंगाला टेकून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून समोरच्या भिंतीपर्यंत आठ-साडेआठ फूट सहज भरतात. तिथे २४ इंची मॉनिटर जेमतेम १२ अंश व्यापतो. हातात फूटभर अंतरावर आडवा धरलेला मोबाइल याच्या दुपटीहून मोठा दिसतो. म्हणूनच हौसेने मॉनिटर लावलेली माणसं आठवड्याभरात पुन्हा मोबाइलवर मालिका बघताना सापडतात. सबटायटल वाचता येत नाहीत ही तक्रारही याच हिशोबातली.

उपाय एकच, मॉनिटर जवळ आणा. भिंतीवर नको. पलंगाच्या बाजूला क्लॅम्पने बसणारा आर्म, म्हणजे मॉनिटर धरणारा हलता दांडा लावा, किंवा पलंगावर सरकवता येईल असं चाकांचं टेबल घ्या. लॅपटॉप जोडलेला असेल तर विंडोजमधलं स्केलिंग १५० टक्क्यांवर न्या.

या अंतरावर फोर-केचा, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा, पैसा वाया जातो, हेही इथेच सांगायला हवं. २४ इंची फुल एचडी पडद्यावरचे ठिपके तीन-सव्वातीन फुटांपलीकडे साधारण नजरेला वेगळे दिसतच नाहीत.

आणि मॉनिटर घरात नाहीच, फक्त बेडरूमसाठी नवा पडदा घ्यायचाय, तर सरळ टीव्ही घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. कामालाही तोच पडदा वापरायचा असेल, तरच मॉनिटरचा विचार करावा. तेव्हाही रिमोट, स्पीकर आणि ॲप आतच असलेले स्मार्ट मॉनिटर मिळतात, ते आधी बघावेत.

आडवं पडून बघताना चित्र काळं पडतं

जुने १८.५ इंची ऑफिसचे मॉनिटर आणि स्वस्तातले बरेच पडदे टीएन पॅनलचे असतात. टीएन, आयपीएस आणि व्हीए हे पडद्याच्या आतल्या पॅनलचे तीन प्रकार. बाजूने ते ठीकठाक दिसतात, पण खालून बघितलं की चित्र काळवंडतं, चेहरे निगेटिव्हसारखे उलटे रंग दाखवतात. पलंगावर पडलेला माणूस नेमका खालूनच बघत असतो. मॉनिटर बिघडलेला नसतो. त्याची वरची कड आपल्याकडे झुकवा, म्हणजे नजर पुन्हा समोरून पडेल. बहुतेक स्टँड पुढे पाचेक अंशच झुकतात, त्यामुळे इथेही आर्म कामाला येतो. लॅपटॉप जोडलेला असेल तर एक उचापत करता येते: मॉनिटर उलटा टांगायचा आणि विंडोजमध्ये चित्रही उलटं करायचं. वाईट बाजू छताकडे जाते, चांगली पलंगाकडे. दिसायला विचित्र, पण चालतं.

आयपीएस पॅनल कुठूनही नीट दिसतं. त्याची अडचण वेगळी आहे. कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्या रंगाच्या उजेडातला फरक, साधारण १०००:१ असल्याने दिवे मालवले की काळा रंग राखाडी दिसतो आणि कोपऱ्यांत उजेड पाझरल्यासारखा वाटतो. व्हीए पॅनलचा कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या आसपास असतो, अंधाऱ्या खोलीत सिनेमाला तेच बरं. यावर सगळ्यात स्वस्त तोड म्हणजे मॉनिटरच्या मागे एक मंद दिवा लावणं आणि ब्राइटनेस खाली आणणं. कारखान्यातून आलेला ब्राइटनेस उजेडातल्या ऑफिससाठी असतो, रात्री तो डोळ्यांत घुसतो.

सगळंच चित्र फिकट, धुरकट

हे अंधारामुळे नाही, दिवसाही तसंच दिसत असेल, तर दोष बहुधा रंगांच्या रेंजचा. सेट-टॉप बॉक्स आणि स्टिक काळा रंग १६ वर आणि पांढरा २३५ वर धरून पाठवतात. मॉनिटर मात्र कॉम्प्युटरच्या सवयीने ० ते २५५ ची अपेक्षा धरतो. मग १६ चा काळा त्याला गडद राखाडी वाटतो. मॉनिटरच्या मेन्यूत ‘आरजीबी रेंज’ किंवा ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ असं काहीतरी असतं, तिथे ‘लिमिटेड’ किंवा ‘लो’ निवडा. उलट, अंधारातले सगळे तपशील काळ्यात बुडून गेले असतील तर दुसरा पर्याय.

चित्र आहे, आवाज नाही

आधी मॉनिटरला स्पीकर आहेत का ते बघा. बऱ्याच मॉनिटरना नसतातच, आणि असतात ते दोन-दोन वॉटचे, पंखा चालू असताना ऐकू न येणारे. एचडीएमआयमधून आवाज मॉनिटरपर्यंत येतो, तो बाहेर काढायला मागे बहुधा ३.५ मिमीचं हेडफोनचं भोक असतं. तिथे साधा ऑक्स वायरचा स्पीकर लावा. तरीही शांतताच असेल, तर:

- मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूतला व्हॉल्यूम बघा. तो शून्यावर किंवा म्यूटवर असू शकतो.
- स्टिक किंवा बॉक्स डॉल्बी आवाज पाठवत असेल तर साध्या मॉनिटरला तो उलगडता येत नाही. ऑडिओ सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ किंवा ‘स्टीरिओ’ करा. यूट्यूबला आवाज आणि सिनेमाला नाही, अशी तक्रार असेल तर आधी इथेच बघायचं.
- डीव्हीआय हे जुनं पोर्ट असलेल्या मॉनिटरला कन्व्हर्टरने जोडलं असेल तर आवाजाची आशा सोडा आणि स्टिकला ब्लूटूथ स्पीकर जोडा. ओठ आणि आवाज मागेपुढे होत असतील तर तो ब्लूटूथचा उशीर; काही स्टिकमध्ये तो जुळवायची सोय असते.

चुकीच्या दिशेचा कन्व्हर्टर

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ‘एव्ही-एचडीएमआय कन्व्हर्टर द्या’ म्हटलं की दोनपैकी कुठलाही हातात पडू शकतो. दिसायला डबी तीच, काम उलटं. जुन्या डिशच्या बॉक्सला लाल-पांढरी-पिवळी पिन असेल, तर आपल्याला एव्ही आत आणि एचडीएमआय बाहेर असा हवा. डिस्प्लेपोर्ट, म्हणजे बऱ्याच मॉनिटरना एचडीएमआयच्या शेजारी असणारं दुसरं पोर्ट, त्याच्या केबलचंही तसंच. स्वस्त डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआय केबल कॉम्प्युटरकडून टीव्हीकडे जाते, उलटी चालत नाही. मॉनिटरचं एकमेव एचडीएमआय लॅपटॉपने अडवलंय म्हणून स्टिक डिस्प्लेपोर्टला जोडायला गेलात तर पडदा कोराच राहतो. त्यापेक्षा दोन इनपुटचा एचडीएमआय स्विच घ्या.

फक्त व्हीजीए हे जुनं पोर्ट असलेल्या मॉनिटरवर आणखी एक गंमत होते. कन्व्हर्टर लावला की मेन्यू दिसतो, यूट्यूब चालतं, पण पैसे भरून घेतलेल्या ॲपवर सिनेमा लावला की काळा पडदा किंवा एचडीसीपीचा संदेश. ही चोरीविरुद्धची कुलूपव्यवस्था आहे, व्हीजीएला ती कळत नाही. केबल बदलून काही होणार नाही, त्या मॉनिटरला बातम्या आणि भजनंच दाखवू द्या. फोर-केसाठी मॉनिटरला एचडीसीपी २.२ लागतं, हे खरेदीआधी बघून घ्यावं.

‘आउट ऑफ रेंज’

आपल्याकडचं प्रसारण सेकंदाला ५० वेळा चित्र बदलण्याच्या (५० हर्ट्झ) हिशोबाचं, त्यामुळे बॉक्स बहुधा १०८०आय, ५० हर्ट्झ पाठवतो. काही मॉनिटर ते घेत नाहीत आणि कोऱ्या पडद्यावर हाच संदेश दाखवतात. घेतलं तरी ६० हर्ट्झच्या पडद्यावर बातम्यांची खालची पट्टी झटके देत सरकते. पडदा कोरा असताना मेन्यू दिसणार कुठून? बॉक्स हॉलमधल्या टीव्हीला जोडा, आउटपुट ७२०पी किंवा १०८०पी करा आणि मग परत आणा.

भिंतीला लावताना

मागे चार छिद्रं आहेत का, ७५ की १०० मिमी अंतराची, हे ब्रॅकेट आणण्याआधी बघा; पातळ मॉनिटरना कधीकधी नसतातच. सोबत मिळालेले स्क्रूच वापरा. लांब स्क्रू पिळत गेलात तर तो पॅनलमध्ये घुसतो.

स्टिकला मॉनिटरच्या यूएसबीतून वीज देणं

यूएसबी २ पोर्ट ठरल्याप्रमाणे अर्धा अँपियर देतो. स्टिकला तो पुरत नाही, मग ती मध्येच बंद पडते किंवा पुन्हापुन्हा सुरू होत राहते. सोबतचा ॲडॉप्टर भिंतीतल्या प्लगलाच लावा.

रिमोटने मॉनिटर बंद होत नाही म्हणून बरेच जण पलंगावरून उठून मॉनिटरचं बटण दाबतात आणि झोपतात. स्टिकला त्याचा पत्ताच नसतो. ती रात्रभर एकामागून एक व्हिडिओ ओढत राहू शकते आणि वाय-फायचा डेटा सकाळपर्यंत संपतो. बटणाला हात लावू नका, स्टिकलाच झोपवा. फायर टीव्हीवर होमचं बटण दाबून धरलं की ‘स्लीप’चा पर्याय येतो. सिग्नल थांबला की बहुतेक मॉनिटर आपोआप स्टँडबायला जातात आणि सकाळी रिमोटचं बटण दाबल्यावर जागेही होतात. होत नसेल तर मॉनिटरच्या मेन्यूत ‘ऑटो सोर्स’ चालू आहे का ते बघा.