मंडळीच्या सोबतीने प्रार्थनेत कसे वाढावे

एकट्याने प्रार्थनेला बसणाऱ्या बऱ्याच जणांचं असं होतं: सुरुवातीला उत्साह, मग त्याच चार वाक्यांची उजळणी, मग खंड. पहिली मंडळी, म्हणजे येशूच्या अनुयायांचा पहिला समुदाय, कशात टिकून होती ते बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये 2:42 मध्ये सांगितलं आहे: प्रेषितांचं शिक्षण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना. यातली फक्त प्रार्थना उचलून घरी नेली तर ती फार काळ टिकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी एका मंडळीत नियमित जायला लागा. आज इथे, उद्या तिथे असं केलं तर तुम्हाला कोणी ओळखणार नाही, आणि ओळखीशिवाय तुमच्यासाठी नेमकी प्रार्थना कोण करणार? उपासना संपली की लगेच निघू नका.

मग लहान गट शोधा. घरी भरणारी प्रार्थना सभा आहे का, हे पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, विचारा. नसेल तर दोघं-तिघं जमा. ‘दोघे-तिघे माझ्या नावाने जमतात तिथे मी आहे’ हे मत्तय 18:20 मधलं येशूचं अभिवचन तेवढ्यांसाठीही आहे. पहिल्याच दिवशी मोठ्याने प्रार्थना केली पाहिजे असं नाही. दुसऱ्याच्या प्रार्थनेला मनापासून ‘आमेन’ म्हणा, पुढे कधीतरी एक वाक्य बोला. शब्द सुचत नसतील तर बायबलमधलं स्तोत्र वाचा. 150 स्तोत्रांत स्तुती आहे तशी तक्रारही आहे. तेराव्या स्तोत्राच्या आरंभीच दावीद देवाला पुन्हा पुन्हा ‘कोठवर?’ असं विचारतो. देवापुढे इतकं मोकळं बोलता येतं, हे नवख्या माणसाला अशा वाचनातून कळतं.

विनंती सांगताना ‘घरच्यांसाठी प्रार्थना करा’ एवढ्यावर थांबू नका. ‘गुरुवारी आईची तपासणी आहे, ती घाबरली आहे’ असं सांगा. एका वहीत चार रकाने आखा: तारीख, नाव, विनंती, पुढे काय झालं. पुढच्या भेटीत वही उघडून आधी विचारा, “आईची तपासणी कशी झाली?” चौथा रकाना कधी कधी बराच काळ रिकामा राहतो. तो ओढूनताणून भरू नका, नावही खोडू नका. आणि गटात ऐकलेलं बाहेर नेऊ नका, ‘प्रार्थनेसाठी सांगते’ असं म्हणूनसुद्धा नाही. एकदा बोभाटा झाला की माणसं पुन्हा मन मोकळं करत नाहीत. याकोब 5:16 प्रमाणे पाप कबूल करायचं असेल, तर विश्वासातल्या एका परिपक्व व्यक्तीजवळ करा.

दार लावून एकांतात प्रार्थना करायला येशूनेच सांगितलं आहे (मत्तय 6:6). रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं बसा. रविवारच्या संदेशाचा शास्त्रभाग थोडा थोडा वाचा आणि वहीतली दोन-तीन नावं देवापुढे ठेवा.

कोरडे दिवस येतीलच. तेव्हा घरी बसू नका. गटाला सरळ सांगा, “मला सध्या प्रार्थना करता येत नाही, तुम्ही माझ्यासाठी करा.” मार्क 2 मध्ये चौघांनी पक्षाघाती माणसाला छप्पर उघडून येशूपुढे खाली सोडलं, आणि येशूने त्यांचा विश्वास पाहिला.

थोडं स्थिरावलात की आजाऱ्यांच्या भेटीला जा. आधी विचारून जा, त्यांचं ऐका, एखादं लहान स्तोत्र वाचा, थोडक्यात प्रार्थना करून निघा. औषधं बंद करा असं कधीही सांगू नका. विश्वास कमी म्हणून बरं वाटत नाही, असं कोणी आजाऱ्याला म्हणत असेल, तर पाळकांशी बोलून ते तिथेच थांबवा.